दादांची चाल मंदावली, एमआरआय नॉर्मल: तरी पार्किन्सन असू शकतो का?

सेलूची लेक: आमचे दादा ६८ वर्षांचे. दिवाळीपासून पाय घासत चालायलेत, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, दोन्ही हात थरथरतात. पित्तासाठी वर्षभर एक गोळी चालू आहे. परभणीत एमआरआय काढला, नॉर्मल आला. मग पार्किन्सन (कंपवात) नाही असं समजावं का? आई लई घाबरलीय.

नांदेडचा फिजिओ: ताई, एमआरआय नॉर्मल असूनही पार्किन्सन असू शकतो. निदान न्यूरॉलॉजिस्ट (मेंदू-नसांचे डॉक्टर) मुख्यतः तपासूनच करतात: मंदपणा, ताठरपणा, कंप. एमआरआय दुसरी कारणं शोधायला असतो. पण आधी ती पित्ताची गोळी बघा! पाकिटावर लेव्होसल्पिराइड आहे का? ते मेंदूत डोपामिनचं, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाचं, काम अडवतं आणि हुबेहूब अशीच लक्षणं आणतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करवरचं सिनारिझिनही तसंच.

सेलूची लेक: बघितलं, तेच लिहिलंय! बंद करू?

नांदेडचा फिजिओ: पाकीट घेऊन डॉक्टरांकडे आजच जा. गोळीमुळेच असेल तर ती थांबवल्यावर बहुतेकांना काही आठवड्यांत-महिन्यांत उतार पडतो. नाही पडला तर न्यूरॉलॉजिस्टला पुन्हा दाखवायचंच.

उदगीरकर: माझ्या मामांना खरा पार्किन्सन आहे, डोपामिनची उणीव भरणारी लेव्होडोपा-कार्बिडोपा गोळी चालू. गोळी जेवणाआधी अर्धा तास देतो, कारण डाळ-दुधातली प्रथिनं तिच्या आड येतात. ही लेव्होडोपाची गोळी एकदम बंद कधीच करायची नाही. कुणी खाजकुहिलीचं चूर्ण सुचवेल. तिच्या बियांत लेव्होडोपाच असतो, तेव्हा डॉक्टरांना न विचारता देऊ नका.