कार्यशाळेतल्या नोंदी, चित्रतक्ते आणि एआय: कुठं वापरावं, कुठं नाही?

कोयनाकाठ (कराड)

कराडजवळच्या निवासी कार्यशाळेत बौद्धिक दिव्यांग प्रौढ राहतात. काहींना सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नताही आहे. हळदीच्या पुड्या भरणं, कागदी पिशव्या, फायली अशी कामं चालतात. देणगीत एक टॅबलेट मिळालाय आणि एआयचा उपयोग करावा असं विश्वस्तांच्या मनात आहे. कर्मचारी कमी असल्यानं मदत हवीच आहे, पण नेमकी कुठं घ्यावी ते ठरत नाही.

मावशी रोजच्या नोंदी रजिस्टरमध्ये लिहितात, महिनाअखेरीला त्यातून काही हाती लागत नाही. त्यांनी बोलायचं, मशीननं लिहून घेऊन गोषवारा काढायचा, हे जमेल का? दुसरं, १९ वर्षांचा एक मुलगा बोलत नाही, खुणा करतो. त्याच्यासाठी चित्र दाबून बोलणारं अ‍ॅप आणि वाक्य पुरं करून देणारं एआय सुचवलंय. तिसरं, आंघोळ, दात घासणं यांचे चित्रतक्ते एआयकडून करून घ्यावेत का?

विशेष शिक्षिका, मिरज

नोंदींचं आधी सांगते. फायदा तिथंच जास्त आहे आणि धोकाही तिथंच.

मराठी व्हॉइस टायपिंग आता बऱ्यापैकी चालतं, पण आपली बोली, मागं चालू असलेला टीव्ही आणि औषधांची नावं इथं ते घसरतं. आकडे तर खास तपासा: ‘अडीचशेची अर्धी’, ‘दीड गोळी’, ‘पाऊण चमचा’. अडीचशेचं अडीच झालं तरी कागदावर सगळं नीटनेटकं दिसतं, म्हणून ते नजरेतून सुटतं. औषधाची नोंद या वाटेनं जाऊच देऊ नका. त्यासाठी छापील तक्ता, वेळ आणि देणाऱ्याची सही.

वर्तनाच्या नोंदीला साचा ठरवून द्या: वेळ, जागा, आधी काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं. ‘चिडला’, ‘हट्ट केला’ असं नको. ‘उजव्या हातानं कानावर ४ वेळा मारलं’ असं हवं. शिवाय झोप, शौच, जेवण, आकडी आणि मुलींची पाळी हे रकाने रोज भराच. रिकामा रकाना मशीन ‘काही घडलं नाही’ असा धरू शकतं. रात्रपाळीत लिहायला कुणी नसेल तर तिथं ‘नोंद नाही’ हे शब्द घाला, नाहीतर त्रास फक्त दिवसाच होतो असा गोषवारा निघेल.

एआयकडून एवढंच करून घ्या: मोकळ्या वाक्यांचा तक्ता. मोजायला लावू नका, लांब यादीत ते चुकतं; मोजणी स्प्रेडशीटच्या सूत्रानं करा. सूचना अशी द्या: ‘नोंदीत नाही ते लिहू नकोस. प्रत्येक विधानापुढं तारीख दे. वर्तनाचं कारण सांगू नकोस.’ मग कुठल्याही दहा ओळी रजिस्टरशी ताडून बघा. एक जरी जुळली नाही तर अख्खा तक्ता पुन्हा करा. नावांऐवजी क-१, क-२ लिहा आणि कोण कुठला क ही यादी कागदावर, कपाटात ठेवा.

‘कारण सांगू नकोस’ हे मुद्दाम. बोलता न येणाऱ्या माणसाचं वागणं अचानक बदललं तर आधी शरीर बघायचं: किडका दात, कान, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, नव्यानं सुरू झालेलं औषध. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉइडही. चॅटबॉटला दिसतं फक्त मारणं-चावणं, आणि ‘लक्ष वेधून घेण्यासाठी’ असा शेरा तो सहज देतो. तो एकदा फायलीत गेला की दात कुणी बघत नाही.

स्पीच थेरपिस्ट, सांगली

मुलासाठी ‘जेलो’ या चित्र दाबून बोलणाऱ्या अ‍ॅपपासून सुरुवात करा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ते तयार झालंय, मोफत आहे आणि मराठीत आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमधून मराठी आवाज ऑफलाइन उतरवून ठेवा. पाटण किंवा जतच्या बाजूला गेलात आणि रेंज गेली तर ऐनवेळी अडायला नको. चार्जिंग संपेल तेव्हासाठी तीच चित्रं त्याच क्रमानं छापून जवळ ठेवा.

खाऊ-पाण्याच्या चित्रांइतकीच ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘मला तो माणूस नको’ ही चित्रं पहिल्या दिवसापासून हवीत. त्याच्याशी बोलणाऱ्यांनीही बोलता बोलता चित्र दाबायचं, आणि हे महिनोन्महिने करायचं. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजत गप्प थांबायचं. त्याचा हात धरून बोट टेकवायचं नाही. आधार देणाऱ्याच्या हातून येणारे शब्द आधार देणाऱ्याचेच असतात हे प्रयोगांतून पुन:पुन्हा दिसलंय, आणि अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या ‘आशा’ या संघटनेनं २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं जाहीर केलं.

वाक्य पुरं करणाऱ्या एआयबद्दल माझा आक्षेप हाच आहे. त्यानं ‘दादा’ आणि ‘हात’ दाबलं. मशीन ‘दादा, हात धुवायचेत’ असं म्हणेल. त्याला कदाचित ‘दादानं माझा हात पिरगाळला’ असं सांगायचं असेल. मशीननं नेहमीचं वाक्य निवडलं आणि तक्रार तिथंच विरली. वापरायचंच असेल तर दोन-तीन पर्याय आणि शेजारी ‘यातलं नाही’ हे चित्र ठेवा, आणि त्यानं मुळात काय दाबलं ते वेगळं साठवा. डॉक्टर, तक्रार, संमती या वेळी ही सोय पूर्ण बंद.

आणखी एक. जास्त वापरलेली चित्रं पुढं आणणारी सोय असेल तर तीही बंद करा. जागा बोटाला पाठ होते; चित्र हललं की महिन्यांची मेहनत वाया जाते.

कोयनाकाठ (कराड)

फार उपयोगी. दोन शंका. त्याचा हात थरथरतो, शेजारचं चित्र दाबलं जातं. आणि त्याची माहिती टॅबलेटवर वापरायला संमतीची सही वडील करतो म्हणतात, तेवढी पुरेशी आहे का?

स्पीच थेरपिस्ट, सांगली

चित्रं मोठी आणि मोजकी करा, टॅबलेट उभट टेकूवर घट्ट बसवा, कोपर टेबलावर टेकलेलं असू द्या. काही अँड्रॉइड टॅबलेटच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये स्पर्श किती वेळ टिकला तर धरायचा हे वाढवता येतं. तरी चुकत असेल तर प्रत्येक चित्रावर भोक असलेली अ‍ॅक्रिलिकची जाळी वर बसवा.

पालक संघटना कार्यकर्ता, सातारा

आपोआप पुरेशी नाही. मूल १८ पूर्ण झालं की आई-वडील कायद्यानं आपसूक पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. ते स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी मिळतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ९ मध्ये कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या माहितीसाठी त्या पालकाची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. पालकत्वाचा कागद आधी बघा. आणि कागद असला तरी त्या मुलालाही चित्रं दाखवून विचारा. त्यानं टॅबलेट बाजूला ढकलला तर ते उत्तरच आहे.

टॅबलेटवरचा फोटोंचा आपोआप बॅकअप आजच बंद करा. न्हाणीघरात, झोपायच्या खोलीत कॅमेरा नको, ‘पडल्यावर ओळखतो’ असं कुणी कितीही सांगितलं तरी.

विशेष शिक्षिका, मिरज

चित्रतक्ते एआयनं काढू नका. प्रत्येक चित्रात बादली निराळी येते, बोटं कमी-जास्त होतात, आणि न सांगता शॉवर नि टब दिसतात. स्वमग्न माणूस बऱ्याचदा तपशील तंतोतंत बघतो; निळी बादली नसेल तर ती त्याची आंघोळच नाही. तुमच्याच न्हाणीघराचे, त्याच्याच तांब्या-टॉवेलचे फोटो काढा, मागं मोकळी भिंत ठेवा. एका कार्डावर एकच कृती, साधारण ७ सेंटिमीटरचं चौकोनी कार्ड, लॅमिनेशन मॅट, कारण चकाकीत चित्र दिसत नाही. पाठीला वेल्क्रो. झालेलं कार्ड काढून डब्यात टाकायचं.

एआयची मदत टप्पे पाडण्यापुरती घ्या, मग मावशींनी ते स्वतः करून बघावेत. ‘ब्रशवर पेस्ट घे’च्या आधी झाकण उघडणं हमखास सुटलेलं असतं. पुड्यांसाठी तर एआय लागतच नाही: वजनकाट्याच्या तबकडीवर ५० ग्रॅमच्या खुणेशी हिरवी पट्टी चिकटवा, काटा पट्टीवर आला की थांबायचं.

शिकवताना मागून पुढं या. आधीचे सगळे टप्पे तुम्ही करा, शेवटचा त्याला करू द्या. तो मदतीशिवाय जमला की त्याच्या आधीचा.