घुमटाचा टोन नाही म्हणजे नेमकं काय नाही?

आरती_फोंडा विचारतो:

आमचं घुमट आरतीचं पथक आहे, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावरचं. घुमट म्हणजे एका तोंडावर चामडं मढवलेलं, मडक्यासारखं मातीचं वाद्य. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलीय, तालमी सुरू झाल्यात आणि दोन घुमटं यंदा नवीन मढवून आणलीत, अर्थात बकऱ्याच्या चामड्याची. पहिल्याच तालमीला आमचे सगळ्यात जाणते काका दोनचार थापा मारून म्हणाले, याला टोन नाही. पेटीवाला म्हणाला टोन बरोबर आहे की, पेटीच्या काळी दोन पट्टीच्या जवळपास लागतोय. साउंडवाला म्हणतो टोन माझ्यावर सोडा, मिक्सरवर काढून देतो. माझी बहीण फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्या तोंडी तर हा शब्द दिवसभर असतो, पेशंटचा टोन वाढलाय, टोन कमी झालाय. शेवटी आवाज चढले आणि कोणीतरी कोणालातरी म्हणालं की आधी बोलायचा टोन नीट कर, तिथेच तालीम संपली.

मला वाद नकोय, मला घुमटं चांगली वाजायला हवीत. मढवणाऱ्याकडे परत जायचं तर त्याला काय सांगू? नुसतं टोन नाही म्हटलं तर तो बिचारा काय करणार? आणि हा एकच शब्द इतक्या ठिकाणी इतक्या अर्थांनी कसा काय चालतो तेही कोणी जाणकाराने सांगितलं तर बरं होईल.

सुवारी_डिचोली:

दादा, काका टोन म्हणाले तेव्हा त्यांच्या कानात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि आपण सगळे त्याला एकच नाव देतो. एक म्हणजे सूर चढा की उतरा. दुसरी म्हणजे आवाजाची जात, खणखणीत की भरीव की फुटका. तिसरी म्हणजे थाप मारल्यावर मागे राहणारा घुमारा किती वेळ टिकतो. पेटीवाल्याने पहिली गोष्ट तपासली आणि बरोबर म्हणाला, काकांना बहुतेक तिसरी मिळाली नाही. त्यांनाच परत विचारा पण शब्दात विचारू नका, जुनं घुमट आणि नवीन घुमट शेजारी ठेवा, दोन्हींवर तीच थाप मारायला सांगा आणि कुठे कमी पडतंय ते हाताने दाखवायला सांगा. वाजवणारा माणूस हाताने जेवढं सांगतो तेवढं तोंडाने सांगत नाही.

आता चामड्याचं. पूर्वी घोरपडीचं असायचं हे सगळ्यांना माहीत आहे, पातळ, चिवट, सगळीकडे सारखं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तो विषय बंद, आणि बंदच राहायला हवा, कोणी गुपचूप आणून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, त्या मानाला शोभेल असंच मढवायचं. बकऱ्याचं चामडं चांगलं वाजतं, मी स्वतः त्यावरच वाजवतो, पण निवडून घ्यावं लागतं. पाठीच्या कण्यावरचं जाड आणि बाजूचं पातळ असा तुकडा एकाच तोंडावर आला की एका बाजूला ताण जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि मग घुमारा आतल्या आत मरतो. काठाच्या आतून गोल गोल बोटाने टिचक्या मारत जा, आवाज सगळीकडे सारखा येतो का बघा. येत नसेल तर मढवणाऱ्याला तेवढंच दाखवा, त्याला लगेच कळेल.

आणि पावसाळा आहे हे विसरू नका. दमट हवेत चामडं पाणी धरतं, सैल पडतं, जड होतं. आम्ही वाजवायच्या आधी निखाऱ्यापासून लांब धरून शेकतो, हळूहळू. घाई केली तर चामडं कडक होऊन चिरतं.

प्रयोगवही_मडगाव:

वरचा प्रतिसाद एकदम बरोबर आहे, त्यामागचं कारण सांगतो कारण मला हा विषय फार आवडतो. ताणलेल्या पडद्याचा सूर दोन गोष्टींवर ठरतो, ताण किती आणि पडदा किती जड. ताण चौपट केला तर सूर दुप्पट वर जातो, म्हणजे एक सप्तक. दमट हवेत ताण घटतो आणि वजन वाढतं, दोन्हींनी सूर खालीच येतो.

पण साध्या गोल पडद्याची एक अडचण असते. तारेवर मूळ सुराच्या वर दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर येतात, म्हणून तारेचा सूर कानाला स्वच्छ लागतो. साध्या पडद्याचे उपस्वर साधारण १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे येतात, त्यामुळे थाप ऐकू येते पण सूर पक्का धरता येत नाही. तबल्याला आणि मृदंगाला मधोमध शाई, म्हणजे काळा लेप, लावतात ती यासाठीच. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं की त्या शाईमुळे हे उपस्वर जवळजवळ तारेसारखे रांगेत येतात, पुढे १९३४ मध्ये त्यांनी त्यावर आणखी सविस्तर लिहिलं. नोबेल मिळवणारा माणूस आपल्या तबल्यामृदंगाच्या शाईवर इतका विचार करत बसला होता ही गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगतो आणि दरवर्षी मलाच भरून येतं.

घुमटाला शाई नाही. म्हणून काळी दोन लागते की पांढरी चार यावर फार जीव टाकू नका, घुमटाची खरी करामत मडक्यात आहे. एका तोंडावर चामडं, दुसरं बारीक तोंड उघडं, आत हवा. ती हवा स्वतःचा एक खालचा सूर धरते आणि डाव्या हाताने ते तोंड थोडं थोडं झाकत गेलं की तो सूर खाली खाली सरकतो, पूर्ण बंद केलं की घुमारा संपतो, आवाज बसका होतो. म्हणजे नुसतं चामडं बघून भागत नाही, मडकं कुठे चिरलंय का, बारीक तोंडाचा काठ तुटलाय का तेही बघा. केसाएवढी चीर असली तरी घुमारा खाऊन टाकते.

मिक्सर_वास्को:

साउंडवाल्याच्या बाजूने थोडं बोलतो. आमच्या मशीनवर टोन असं लिहिलेलं बटण असतं ते फक्त वरचे आणि खालचे भाग कमी जास्त करतं, बास ट्रेबल. जे वाद्यातून आलंच नाही ते बटणाने आणता येत नाही. मेलेला घुमारा मिक्सरवर जिवंत होत नाही, आवाज वाढवला तर फक्त गडगड वाढते आणि मग स्पीकर शिट्टी मारायला लागतो.

पण वाद्य चांगलं असूनही मंडपात पातळ ऐकू येत असेल तर माइक कुठे ठेवलाय ते बघा. बहुतेक लोक चामड्यासमोर माइक लावतात, तिथे थापेचा टच जास्त मिळतो. खालचा भरीव आवाज बारीक तोंडातून बाहेर पडतो, वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या बाजूने, त्या हाताला अडचण होणार नाही असा एक माइक तिकडे ठेवून बघा. आणि हातात धरायचे साधे गाण्याचे माइक वाद्याच्या खूप जवळ नेले की बास आपोआप फुगतो, त्यामुळे आधी माइक मागेपुढे करा, बटणं नंतर. शमेळ, म्हणजे घुमटाबरोबर काठ्यांनी वाजवतात ते वाद्य, शेजारीच असेल तर त्याच्या काठ्यांचा आवाज घुमटाच्या माइकमध्ये शिरतो, मधे दोन माणसांचं तरी अंतर हवं.

शब्दवेडी_म्हापसा:

इतक्या अर्थांनी कसा चालतो असं विचारलंत म्हणून लिहिते, थोडं लांबेल. हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे युरोपभर गेला, ग्रीकमधे टोनोस म्हणजे ताणणं, ताणलेली दोरी, आणि मग ताणलेल्या तारेतून निघणारा सूर. आपल्याकडे संस्कृतमधला तन् हा धातू त्याचाच सख्खा नातेवाईक, तंतू त्यातून आला, ताण त्यातून आला आणि गवई घेतात ती तानही त्यातूनच. म्हणजे वर डिचोलीच्या दादांनी चामड्याच्या ताणाबद्दल जे लिहिलं ते या शब्दाच्या अगदी मुळाशी जाऊन बसतं. फिजिओथेरपीतला टोन तोच, स्नायूत असलेला ताण. चित्रकारांचा टोन, त्वचेचा टोन, फोटोतला टोन हे सगळं नंतर आवाजावरून रंगावर गेलं, सूर चढा उतरा तसा रंग गडद फिका.

भाषेतला टोन मात्र दोन प्रकारचा आहे आणि लोक ते फार मिसळतात. चिनी भाषेत, म्हणजे मँडरिनमधे, एकच अक्षर चार वेगळ्या चालींवर म्हटलं की चार वेगळे शब्द होतात, मा म्हणजे आई, चाल बदलली की ताग, मग घोडा, मग शिवी देणं. तिथे सूर हा शब्दाचाच भाग. आपल्या जवळची अशी भाषा म्हणजे पंजाबी. वैदिक संस्कृतातही उदात्त, अनुदात्त, स्वरित असे अक्षरांचे सूर होते, पाणिनीने त्यांचे नियम दिलेत आणि वेद म्हणणारे भटजी आजही ते सांभाळतात. मराठीत आणि कोंकणीत तसं नाही. आपल्याकडे सूर वाक्याला असतो. जेवलास हे खाली सोडलं तर सांगणं, वर नेलं तर विचारणं, मधेच ओढलं तर रागावणं. आणि गावोगावचा हेल हा आणखी वेगळा, पेडण्याचा माणूस आणि काणकोणचा माणूस चार शब्द बोलले की कळतं कोण कुठला. मोबाइलवर लिहिताना यातलं काहीच पोचत नाही, म्हणून ग्रुपवर भांडणं होतात असं माझं ठाम मत आहे. तुमच्या तालमीतलं भांडण समोरासमोर झालं हे त्यातल्या त्यात बरं, लवकर मिटेल.

फिजिओ_बहीण:

मीच ती बहीण, दादाने लिंक पाठवली. डॉक्टरी टोन म्हणजे माणूस अगदी सैल बसलेला असतानाही स्नायूत जो थोडा ताण चालू असतो तो. आपण पेशंटला सांगतो की तुम्ही काही करू नका, आणि त्याचा हात आपण हलवून बघतो, किती विरोध होतो त्यावरून कळतं. लकवा आला की सुरुवातीला बरेचदा हात अगदी लुळा असतो आणि काही आठवड्यांनी उलट ताठर होत जातो. दोन्ही वाईटच. जिममधले लोक टोन्ड बॉडी म्हणतात त्याचा याच्याशी फार संबंध नाही.

आणि कोणीतरी दुधाबद्दल विचारेलच म्हणून सांगते, पिशवीवर टोन्ड लिहितात ती वेगळी गोष्ट. म्हशीच्या दुधात भरपूर स्निग्धांश असतो, त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर घालून ते खाली आणतात, ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के बाकीचे घन पदार्थ. ही पद्धत मुंबईत दारा खुरोडी यांनी १९४० च्या दशकात बसवली, जास्त लोकांना परवडणारं दूध मिळावं म्हणून. १९६३ चं मॅगसेसे पारितोषिक त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मिळालं. कुरियन सगळ्यांना माहीत असतात, खुरोडींचं नाव कोणी घेत नाही, ते घ्यायला हवं.

पेटी_मंगेशी:

पेटीवाल्यांच्या डोक्यात टोन म्हणजे अंतरही असतं, सा ते रे एक टोन, ग ते म सेमीटोन, एका सप्तकात असे बारा सेमीटोन. पेटीवर ते बाराही सारखे वाटून टाकलेले असतात आणि त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो, शंभर भागांच्या सेमीटोनमधले जवळजवळ १४ भाग. कान तयार असला की टोचतो. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी बंद ठेवली होती त्यामागे हेही एक कारण होतं. मी स्वतः पेटी वाजवतो, पेटीवर माझा जीव आहे, पण आरतीत घुमट लावायला पेटी प्रमाण मानू नये असंच सांगेन.

टोन म्हणजे आवाजाची जात हा अर्थ समजायचा असेल तर केसरबाई केरकर ऐका. केरीच्या, म्हणजे तुमच्याच तालुक्यातल्या, जन्म १८९२. त्यांचा आ-कार इतका मोकळा आणि तिन्ही सप्तकांत सारखा वजनदार आहे की तोच सूर दुसऱ्या कोणी लावला तरी ती गोष्ट होत नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली तिच्यात त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. जुनी रेकॉर्डिंगं आहेत, खरखर आहे, वरचे खालचे सगळे भाग कापले गेलेत, तरी आवाज पहिल्या क्षणी ओळखू येतो. मिक्सरवाल्या दादांचं म्हणणं इथेही पटतं, मुळात आवाजात असलं तर खराब माइकमधूनही उरतं.

आरती_फोंडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांना घरी बोलावलं, जुनं आणि नवीन शेजारी ठेवून थाप मारायला सांगितली. त्यांना सुराची तक्रार नव्हतीच. डावा हात उघडताना जुन्या घुमटात जो आवाज ओढला जातो तो नवीन दोन्हींत तुटतो असं त्यांनी चार पाच वेळा करून दाखवलं. मग काठाने टिचक्या मारल्या, एका घुमटाच्या एका बाजूला स्पष्ट बद्द आवाज येतो, तिथे चामडंही हाताला जाड लागतं. दुसऱ्याचं चामडं ठीक वाटतंय पण काका म्हणाले याचं बारीक तोंडच जास्त मोठं आहे, हात पुरत नाही झाकायला. त्याचं काय करावं? कुंभाराकडून परत करून घ्यावं का?

सुवारी_डिचोली:

पहिलं घुमट सोडवून दुसऱ्या चामड्याने मढवून घ्या, पूर्ण तोंडाला पुरेल असा एकाच जाडीचा भाग मागा आणि तो जागेवर उजेडाकडे धरून बघा, जाड पट्टा लगेच दिसतो. मढवल्यावर सावलीत वाळू द्या, उन्हात नको.

दुसऱ्याचं भाजलेलं तोंड आता लहान होणार नाही. आधी मोठ्या पंजाच्या माणसाच्या हातात देऊन बघा, आमच्याकडे असंच एक घुमट आहे, ते एकटाच वाजवतो आणि दुसऱ्या कोणाला देत नाही. तसा माणूस मिळाला नाही तर नवीन मडकं करून घ्यावं लागेल, पण कुंभाराकडे जाताना काकांना सोबत न्या आणि त्यांच्याच डाव्या हाताच्या मापाने तोंड ठेवायला सांगा. पावसात मडकं वाळायला वेळ लागतो, तेव्हा जायचं असेल तर याच आठवड्यात जा.