काकाजी स्टेशनवरून घरी आले, आता कामाला कसं लावावं?

देवळीचा_कास्तकार
माझे काकाजी महार रेजिमेंटचे. 2016 ला हवालदार म्हणून निवृत्त, 17 वर्षं नोकरी. काकू गेली, मग दारू, मग वाटणीचं भांडण. एक दिवस घर सोडलं. दीड वर्ष बडनेरा स्टेशनवर काढलं, दिवाळीत मीच घेऊन आलो. दारू बंद आहे, जेवतात, पण बोलून नाही राहिले. ओसरीत झोपतात ते बूट उशाखाली घेऊन. स्टेशनवर एकदा चोरी गेले होते म्हणे. बाबा म्हणतात, वावरात जुंपा, आपोआप ठीक होईल. दोन दिवस कापूस वेचला, तिसऱ्या दिवशी धुऱ्यावर बसून राहिले. पेन्शनही बंद पडली. वय 46, दहावी पास. नोकरी पाहू, शिकायला लावू, का आधी डॉक्टर?

सुभेदार_पुलगाव
पेन्शन बंद म्हणजे हयातीचा दाखला राहिला असेल, तो दरवर्षी लागतो. आता स्पर्शवर, म्हणजे फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर होते. आधी ते करा भाऊ, स्वतःचा पैसा खिशात पाहिजे. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, आहे का? नसेल तर मध्य प्रदेशातल्या सागरला रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथं अर्ज टाका. मग वर्ध्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात रोजगारासाठी नाव नोंदवा. मेस्को, म्हणजे माजी सैनिकांचं राज्य महामंडळ, त्यांच्यामार्फत सुरक्षा रक्षकाची कामं निघतात. पण रातपाळी घेऊ नका. माझ्या सोबत्याला रात्रीचं गेट दिलं होतं, तिसऱ्या हप्त्यात केबिनमध्ये बाटली सापडली.
शिक्षणाचं म्हणाल तर दहावी अन 15 वर्षं सेवा असली की सरकारी नोकरीत गट क च्या पदांना पदवीधर धरतात. कॉलेजची घाई कशाला?

समुपदेशक_ताई
डॉक्टर आधी नाही अन नंतरही नाही, सोबतच. सामान्य रुग्णालयात मनोविकार ओपीडी असते, नाहीतर 14416 ला फोन लावा, टेलिमानस, मनाच्या आजारासाठी सरकारी फोनसेवा, फुकट आहे, मराठीत बोलतात. घर का सोडलं, हे घरच्यांनी विचारू नका. आणि बूट उशाखालून काढू नका.

बोंडअळी_त्रस्त
आमच्या गावच्या फौजीला कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसवलं. गाड्यांच्या नोंदी काय सुंदर अक्षरात ठेवते गडी!

देवळीचा_कास्तकार
डिस्चार्ज बुक काकूच्या पेटीत सापडलं, लुगड्याच्या घडीत. सोमवारी वर्ध्याला जाऊ म्हटलं, तर काही बोलले नाहीत. रात्री जेवताना विचारलं, "फोटो किती लागतात?"