मदत हवी आहे: बँडच्या गिग, तारखा आणि व्हेन्यूवाल्यांचा हिशेब कशात ठेवता?

टाळघाई:

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा पाच जणांचा बँड आहे. गाणी बहुतेक स्वतःची आणि मराठी, पबमध्ये वाजवायचं असलं की निम्मी हिंदी कव्हर. सगळे नोकऱ्या सांभाळून वाजवणारे, मॅनेजर वगैरे परवडत नाही. आजवर बुकिंगचं सगळं आमचा कीबोर्डवाला बघायचा. तो आता शिकायला डब्लिनला चाललाय आणि बँडचा अर्धा कारभार त्याच्या फोनमध्ये आहे.

त्याच्या कॉन्टॅक्टमध्ये 'बाणेर मॅनेजर', 'बाणेर मॅनेजर नवा', 'साउंड दादा केपी', 'पहाट पीए' अशी नावं आहेत. कुठे गेटच्या पैशात सत्तर-तीस ठरलं होतं, कुठे मॉनिटर (स्टेजवर आपलं आपल्याला ऐकू यायला ठेवतात तो स्पीकर) एकच आहे, कोणता मालक फोन उचलत नाही पण व्हॉट्सअ‍ॅपला लगेच उत्तर देतो, हे त्याला तोंडपाठ. लिहिलेलं कुठेच नाही. वर एका कॅफेकडून गेल्या पावसाळ्यातले पैसे यायचेत आणि तिथला ज्याने बोलावलं होतं तोच नोकरी सोडून गेला. नवीन माणूस म्हणतो, 'मला काही कल्पना नाही.'

ट्रेलो (कामांची कार्डं सरकवायचं अ‍ॅप) लावून पाहिलं. पहिले काही दिवस हौसेने कार्डं सरकवली, मग कोणी उघडेना. बँड्सइनटाउनवर खातं आहे, पण ते गिग जाहीर करायला. व्हेन्यूशी काय बोलणं चाललंय ते त्यात कुठे ठेवणार? परदेशी बँड वापरतात ती मास्टर टूर, गिगवेलसारखी सॉफ्टवेअर बघितली. आम्हाला तेवढं लागतं का, हाच प्रश्न आहे.

तर कोणी वर्षाला पंचवीस-तीस गिग करत असेल तर काय वापरता? फुकट किंवा स्वस्त, फोनवर चालणारं आणि आमच्या ड्रमरलाही वापरता येईल असं. (ड्रमर मीच आहे.)

पेठीसाउंड:

मी वाजवणारा नाही, साउंड करतो. माझ्या बाजूने एवढंच सांगतो की काहीही वापरा, पण टेक रायडरची (स्टेजवर बँडला काय काय लागतं त्या यादीची) एकच फाइल ठेवा आणि तिची लिंक द्या. मला एकाच बँडकडून तीन तीन पीडीएफ येतात, एकात बेस गिटार डीआयवर (म्हणजे डबीतून थेट मिक्सरला), दुसऱ्यात अँपला माइक. साउंडचेकला पोचल्यावर कळतं की दोन्ही जुन्या.

शीटवाली:

टाळघाई, मास्टर टूर तुमच्यासाठी नाही. ते बस, हॉटेल, क्रू, रोजचं वेळापत्रक घेऊन महिनाभर फिरणाऱ्या लोकांचं आहे. गिगवेल मुख्यतः कलाकारांची बुकिंग करणाऱ्या एजन्सींसाठी. पाच जणांना गूगल शीट पुरते, फक्त ती नीट मांडायला हवी. बहुतेक जण एकच लांबलचक शीट करतात आणि तिथेच फसतात.

आमच्या बँडचं मी बघते. आमच्या एकाच फाइलमध्ये तीन टॅब आहेत. जागा, माणसं, गिग.

जागा आणि माणसं वेगळी ठेवणं हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या कॅफेचं जे झालं ते नेहमीचंच आहे. बुकिंग बघणारी माणसं एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये, पुण्यातून मुंबईत, मुंबईतून गोव्यात जात असतात. जागेच्या ओळीतच माणसाचं नाव-नंबर लिहिलं की तो गेल्यावर तुम्ही नवं नाव वर टाइप करता आणि जुना माणूस कायमचा गायब. खरं तर तो तुमचा ओळखीचा, आता दुसऱ्या जागेत बसलाय, म्हणजे तुम्हाला एक दार जास्त उघडलं. माणसांच्या टॅबमध्ये 'सध्या कुठे' आणि 'आधी कुठे' असे दोन कॉलम ठेव.

कॉलेजांचं तर आणखी वेगळं. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोसारख्या फेस्टिव्हलची विद्यार्थ्यांची टीम दरवर्षी बदलते. त्या ओळीत वर्ष लिहायचंच, नाहीतर पास आउट होऊन नोकरीला लागलेल्या पोराला आपण स्लॉट मागत बसतो.

जागेच्या ओळीत मी काय लिहिते, नमुना देते (जागेचं नाव काढलंय):

*कोथरूड, आत बसायची सोय साधारण ८०. पीए (साउंड सिस्टिम) त्यांचा, मॉनिटर २, ड्रमकिट नाही. लोडइन (सामान आत न्यायचं) मागच्या जिन्याने, लिफ्ट नाही. स्वतःची गाणी चालतात, गुरुवारी. मानधन ठरीव, जेवण आहे. पैसे साधारण २० दिवसांनी, अकाउंट्सला वेगळा मेल करावा लागतो.*

शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. ते नसतं तर दर वेळी मॅनेजरच्या मागे लागून तोंड वाईट झालं असतं.

गिगच्या टॅबमध्ये तारीख, जागा, कोणाशी बोलणं, स्थिती, 'पुढचं काम', 'कोणी करायचं', 'कधीपर्यंत'. स्थितीला ड्रॉपडाउन: विचारलं, तारीख धरली, पक्की, झाली, पैसे आले, बारगळली. 'कधीपर्यंत'ची तारीख उलटली की कंडिशनल फॉरमॅटिंगने ओळ लाल होते. आमच्यात नियम असा की 'कोणी करायचं' यात एकच नाव. 'सगळे' लिहिलं म्हणजे कोणीच करत नाही.

गोंयकार_बेस:

शीटवालीशी सहमत, पण एअरटेबलचा (शीटसारखंच ऑनलाइन अ‍ॅप) पण विचार करा. तिथे माणूस-जागा-गिग एकमेकांना जोडता येतात, त्यामुळे माणसावर टिचकी मारली की त्याच्यासोबतच्या सगळ्या गिग दिसतात. फुकटच्या प्लॅनमध्ये एका 'बेस'ला (म्हणजे एका फाइलला) १,००० नोंदींची मर्यादा आहे, तुमच्या प्रमाणात ती भरायला बरीच वर्षं लागतील. अडचण एवढीच की बँडमधल्या दोघांना ते 'ऑफिससारखं' वाटतं आणि ते बघतच नाहीत.

आम्ही जागेच्या माहितीत आणखी एक कॉलम ठेवतो: 'उघड्यावर की आत'. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सरकार वर्षातल्या मोजक्या दिवसांना १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तेही जास्तीत जास्त १५ दिवस. गोव्यात बाहेरच्या अंगणातल्या जागा खूप, त्यामुळे 'नऊला सुरू करू' असं कोणी म्हणालं की मी आधी तो कॉलम बघतो. नऊला सुरू म्हणजे साउंडचेक लांबला की चार गाणी.

माजी_बुकर:

काही वर्षं मुंबईत एका जागेचं बुकिंग बघायचो, आता दुसऱ्या धंद्यात आहे. टेबलाच्या पलीकडून लिहितो.

तुमच्या शीटमध्ये एक कॉलम कमी आहे: 'किती लोक आले'. बँडवाले मानधन लक्षात ठेवतात, गर्दी नाही. माझा वरिष्ठ मला महिनाअखेरीला तेवढंच विचारायचा. 'मागच्या वेळी तुमच्याकडे पावसात साठ तिकिटं गेली, निम्मी आदल्या दिवसापर्यंत' असं लिहिणारा बँड मला वर्षात एखादा भेटायचा आणि त्याला मी तारीख द्यायचोच. तिकीट ऑनलाइन असेल तर आकडा जागेकडून त्याच रात्री मागून घ्या. आठवड्याने कोणी शोधून देत नाही.

दुसरं म्हणजे तारीख 'धरणं'. आमच्याकडे एका शनिवारवर दोन-तीन बँड धरलेले असायचे, पहिला, दुसरा, तिसरा. पहिल्याने अमुक दिवसापर्यंत हो म्हटलं नाही की दुसऱ्याला फोन. तुम्ही कितव्या नंबरवर आहात हे सरळ विचारा, वाईट वाटत नाही कोणाला. आणि तुमच्या कॅलेंडरमध्ये तसंच लिहा: 'धरली-१, १२ तारखेपर्यंत'. नुसतं 'धरली' लिहिलंत तर मेंबर सुट्टी टाकून बसतात.

आणि ड्राय डे. कॅलेंडरमध्ये आधीच भरून ठेवा. दोन ऑक्टोबर सगळ्यांना आठवतो, निवडणुकीचं विसरतात. मतदान संपायच्या वेळेआधीचे ४८ तास दारूविक्री बंद, मोजणीच्या दिवशीही बंद. पुण्यात विसर्जनाचा दिवस आलाच. पबचा गल्ला दारूवर चालतो, त्या दिवशी गिग ठेवून कोणाचंच भलं होत नाही. उलट, छोट्या थिएटरला किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृहासारख्या ठिकाणी तिकीट लावून करायचं असेल तर हेच दिवस बरे, पबात बसणारं पब्लिक मोकळं असतं.

शीटवाली:

@माजी_बुकर, गर्दीचा कॉलम आजच टाकते. थिएटरवरून आठवलं: नाट्यगृहाची तारीख धरताना नुसता दिवस लिहून भागत नाही, सत्र लिहावं लागतं. सकाळ, दुपार की रात्र.

टाळघाई:

वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. शीट करायला घेतो. एअरटेबल नको, आमच्या गायकाला ते नक्की 'ऑफिससारखं' वाटणार.

पण मूळ दुखणं राहतंच. कीबोर्डवाल्याच्या फोनमधलं बाहेर कसं काढू? आणि यापुढे सगळं परत एकाच्या फोनमध्ये जाऊ नये म्हणून काय करू?

गोंयकार_बेस:

पहिलं सोपं आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये प्रत्येक चॅटला 'एक्सपोर्ट चॅट' आहे, मीडियाशिवाय काढलं की साधी टेक्स्ट फाइल मिळते. पण नुसत्या फाइली घेऊन ठेवू नकोस, कोणी वाचत नाही. एका रविवारी त्याच्यासोबत बस, तो चॅट उघडून बोलेल, तू शीट भर. 'बाणेर मॅनेजर नवा' म्हणजे कोण हे तोच सांगू शकतो. त्याच बैठकीत त्याने प्रत्येकाला मेसेज टाकायचा, 'मी चाललोय, यापुढे हा नंबर'. मेसेज त्याच्याच नंबरवरून गेला पाहिजे. तुमच्या अनोळखी नंबरवरून गेला तर लोक दुर्लक्ष करतात.

दुसऱ्यासाठी बँडचं स्वतःचं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. मुख्य फोनशिवाय आणखी चार डिव्हाइस जोडता येतात, म्हणजे पाचही जणांना सगळं दिसतं. लेबलं लावता येतात, आम्ही 'उत्तर द्यायचंय', 'पैसे बाकी' एवढीच लावतो. दोन गोष्टी सांभाळा. रिचार्ज कोण करणार ते ठरवा. आणि मुख्य फोन १४ दिवसांहून जास्त वापरलाच नाही तर जोडलेली डिव्हाइसं लॉग आउट होतात, त्यामुळे तो खोक्यात टाकून विसरू नका. मेलचंही तसंच, बँडचा वेगळा जीमेल असू दे.

पेठीसाउंड:

आणि त्या सामायिक नंबरवरून रात्री अडीचला उत्तरं देऊ नका. एका बँडचा गिटारिस्ट गिग संपवून 'मॉनिटर बेकार होता' असं व्हेन्यूला पाठवायचा आणि सकाळी त्यांची गायिका त्याच नंबरवरून पुढची तारीख मागायची.

शीटवाली:

टाळघाई, तो जायच्या आधी पैशाचंही बघून घे. मानधन त्याच्या खात्यावर यायचं का? मग टीडीएस त्याच्या पॅनवर कापला गेलाय. काही जागा व्यावसायिक सेवा धरून १० टक्के कापतात, काही कंत्राट धरून एका व्यक्तीचा १ टक्का. ती रक्कम त्याच्या २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचं आयकर खात्याचं पत्रक) दिसेल आणि परतावा आला तर त्यालाच येईल. वर बँडचं सगळं उत्पन्न त्याच्या नावावर दिसतं ते वेगळंच. त्याच्याकडून २६एएस काढून घ्या, गिगच्या टॅबशी ताडून बघा. कोणत्या जागेने कापला पण भरलाच नाही, तेही त्यातच कळतं. पुढे 'कोणाच्या पॅनवर' हा कॉलम ठेव.

कव्हर वाजवता म्हणालास, म्हणून आणखी एक. आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी संस्था) परवाना कोण काढणार हे पक्की करतानाच मेलवर विचारून घे. बहुतेक पब काढतात, पण सोसायटीच्या किंवा मंडळाच्या कार्यक्रमात कोणाच्या डोक्यातच नसतं.

आणि कॅफेच्या बाकीचं: मूळ चॅटमधला रक्कम आणि तारीख असलेला मेसेज शोध, बिल त्याच तारखेचा उल्लेख करून नव्याने बनव आणि मालकाला मेल कर, मॅनेजरला नाही. गेलेल्या माणसालाही एक फोन कर. तो दोन ओळी लिहून देईल, त्याचं काही जात नाही.

माजी_बुकर:

देतात लिहून. मीही दिलंय. फक्त तो आता जिथे आहे तिथली तारीख त्याच फोनमध्ये मागू नका, तेवढं एक आठवडा थांबा.

टाळघाई:

रविवार ठरला. कीबोर्डवाला म्हणतो, मिसळ तुमच्याकडून असेल तर येतो. सिम गायकाच्या नावावर घेतोय, रिचार्ज मी करणार.

शेवटचा प्रश्न. दिवाळी पहाटवाले शीटमध्ये कुठे घालू? तिथे जागा दरवर्षी वेगळी, बोलावणारा तोच, आणि पैसे तिसराच देतो.

शीटवाली:

माणसांच्या टॅबमध्ये घाल, 'प्रकार' कॉलममध्ये 'आयोजक'. पैसे देणाऱ्याची वेगळी ओळ कर आणि गिगच्या टॅबमध्ये 'बोलावणारा' आणि 'पैसे देणारा' असे दोन कॉलम ठेव. 'पुढचं काम' गणपतीच्या आधीच्या आठवड्याला लाव. गणपती झाल्यावर फोन केलास की, 'अहो, यंदा ठरलं सगळं' असंच ऐकायला मिळतं.