गाय गिब्सन: मोहिमेतून सुटका झाल्यावरही पुन्हा उड्डाण कशासाठी?

प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक गाय गिब्सन १९१८ साली सिमल्यात जन्मले; त्यांचे वडील हिंदुस्थानच्या वनखात्यात अधिकारी होते. मे १९४३ मध्ये गिब्सन यांच्या ६१७व्या स्क्वाड्रनने जर्मनीतील म्योने आणि एडर ही धरणे फोडली आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्यानंतर त्यांना लढाईवर जाण्याचे बंधन नव्हते. तरीही १९ सप्टेंबर १९४४ रोजी, वयाच्या २६व्या वर्षी, ते विमान कोसळून मरण पावले. त्यांना परवानगी कशी मिळाली आणि विमान कशामुळे पडले?

प्रतिसाद १

परवानगी त्यांनी वरिष्ठांच्या सतत मागे लागून मिळवली. अमेरिका-कॅनडाचा दौरा, आत्मकथनाचे लेखन, कचेरीतील काम या कशातच त्यांचे मन रमले नाही. त्या रात्री राइट आणि म्योन्शनग्लाडबाख या शहरांवरील हल्ल्यात ते ‘मास्टर बॉम्बर’ होते, म्हणजे लक्ष्यावर घिरट्या घालत इतर विमानांना रेडिओवरून सूचना देत होते. परतीच्या वाटेवर त्यांचे मॉस्किटो विमान नेदरलँड्समधील स्टेनबर्खनजवळ कोसळले आणि सोबतचे नॅव्हिगेटर जिम वॉरविक हेही मरण पावले. विमानवेधी तोफा, आपल्याच बॉम्बफेक्या विमानातील गनरने (तोफ चालवणाऱ्याने) चुकून केलेला गोळीबार, इंधनाची टाकी वेळेवर न बदलणे अशी तीन कारणे सांगितली जातात. मला तिसरे अधिक पटते, कारण दोघांनाही मॉस्किटोचा सराव फारसा नव्हता आणि अंधारात टाकी बदलण्याची कळ शोधणे हे सरावाचेच काम आहे.

प्रतिसाद २

आपल्या उत्तराशी सहमत आहे. परंतु ज्या कामगिरीने त्यांना मोठे केले, तिचा हिशेबही मांडायला हवा. म्योनेवर स्वतःचा बॉम्ब टाकून झाल्यावर गिब्सन मागून येणाऱ्या विमानांच्या शेजारून पुन्हा धरणावर गेले, ते तोफांचा मारा आपल्याकडे वळावा म्हणून. या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. मात्र त्या रात्री निघालेल्या १९ लँकेस्टर विमानांपैकी ८ परतली नाहीत, १३३ जणांपैकी ५३ मेले आणि धरणांखालच्या खोऱ्यात पुराने तेराशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांत नेहाइमच्या छावणीत डांबलेल्या, सक्तीच्या मजुरीसाठी सोव्हिएत प्रदेशातून आणलेल्या शेकडो स्त्रिया होत्या. त्यांना ना सायरनचा उपयोग होता, ना उंचावर पळण्याची मोकळीक.

प्रतिसाद ३

त्या युद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या (बॉम्बफेक्या विमानांच्या दलाच्या) सुमारे १,२५,००० वैमानिकी कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. ३० उड्डाणांची एक फेरी जिवंत पुरी करणे हेच जिथे नशीब मानले जाई, तिथे गिब्सन १९३९ पासून लढत होते. अपघातानंतर देहांचे अवशेष इतके थोडे उरले होते की, गिब्सन यांची ओळख मोज्यावरील धुलाईच्या खुणेवरून पटली. दोघांनाही स्टेनबर्खनच्या कॅथलिक दफनभूमीत पुरण्यात आले.