कॅनडात 'बनीहग' म्हणजे काय हो?

निपाणीकर: पोरगी सास्काटूनला शिकायला गेलीय. काल फोनवर म्हणाली, "बाबा, बनीहग घेतला." मला वाटलं ससा पाळला की काय! टोरंटोतल्या भाच्याला विचारलं, तर त्यालाही ठाऊक नाही. एकाच देशात हे असं?

खानापूरची: टोपीवाला स्वेटशर्ट हो काका! तो शब्द सास्कॅचेवान प्रांताचा, सास्काटून तिथंच. बाकी लोक हूडी म्हणतात.

व्हँकुव्हरातला बेळगावकर: खाण्याचंही तसंच की. इकडं ब्रिटिश कोलंबियात १९२८ पासूनचं व्हाइट स्पॉट हॉटेल, क्वेबेकात कोंबडीसाठी सँ-ह्युबेर. टिम हॉर्टन्सची कॉफीची दुकानं मात्र सगळीकडं. तिथं 'डबल-डबल' म्हणजे कॉफीत दोन क्रीम, दोन साखर. मला तरी गोडमिट्ट लागते.

निपाणीकर: म्हणजे कुंदा बेळगावचा, करदंट गोकाकचा, तसं. आमच्या हिला सांगतो, सशाची काळजी सोड.