टक्केवारी पाहावी, पण पायही पाहावेत
अमेरिकन फुटबॉलमध्ये, कॉलेजात ज्याचे साठ टक्केही पास पूर्ण होत नाहीत, म्हणजे साथीदाराच्या हाती पडत नाहीत, अशा क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर) व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली पहिल्या फेरीची निवड खर्च करू नये, हे आपले मत मला सरसकट पटत नाही. वायोमिंग विद्यापीठाच्या जॉश ॲलनचे हे प्रमाण जेमतेम ५६ टक्के असूनही बफेलो संघाने २०१८ मध्ये त्याला सातव्या क्रमांकावर घेतले आणि २०२० च्या हंगामात, स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) आल्यावर, ते ६९ टक्क्यांवर पोहोचले. २०१८ मध्येच दहावा निवडला गेलेला, घोटीव फेकीचा जॉश रोझन मात्र ॲरिझोना संघाने वर्षभरातच मायामीला देऊन टाकला. म्हणून चित्रफीत पाहताना मी तिसऱ्या डाउनवर, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्यावर, थांबतो : बचावपटू अंगावर येत असताना पाय स्थिर राहतात की डळमळतात, आणि नजर दूरच्या रिसीव्हरवर टिकते की जवळच्या धोक्यावर खिळते?